हाडावर ठरलेलं वावर

मी एक जुना दगडमातीचा ढिगारा आहे. मित्रांनो, वरून मी गवताळ उंचवटा दिसतो, पण माझ्या पोटात दगडी खोल्या आहेत आणि त्यांत दूर उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या पहिल्या शेतकऱ्यांची हाडं आहेत. पाच हजार वर्षं उलटली, तरी एक सकाळ आठवली की मी आजही हादरतो.

मला बांधायला तीन उन्हाळे लागले. पुरुषांनी किनाऱ्यावरून लाद्या ओढल्या, बायकांनी टोपल्यांतून माती आणली. त्यांत तेस्का होती. ती लग्न होऊन पलीकडच्या बेटावरून आलेली.

पेरणीआधी प्रत्येक घराने आपल्या माणसाचं हाड माझ्यातून काढायचं, वावराला दाखवायचं, परत ठेवायचं आणि मगच जव पेरायचे, अशी रीत होती. ज्याचं हाड नाही, त्याचं वावर नाही. मला या रीतीचा फार अभिमान होता.

एका हिवाळ्यात तेस्काचा नवरा मासे धरायला गेला तो आलाच नाही; मागे ती आणि तिच्या लहान पोरी उरल्या. सासू-सासऱ्यांची हाडं थोरल्या दिराच्या वाट्याची. पेरणीच्या सकाळी तो दीर, द्रून, माझ्या दारात आडवा उभा राहिला.

"वहिनी, हाड दाखवा आणि खुशाल पेरा."

"ह्यांना समुद्राने ठेवून घेतलंय, भावजी. त्याच्याकडे मागा."

"मग वावर माझं. तुम्ही पोरींना घेऊन माहेरी जा. चार दिवस आराम करा."

हाडं सांभाळणारी उल्वी आजी मान खाली घालून म्हणाली, "पोरी, माझ्या हातात काही नाही गं. घरातल्या माणसाचं हाड आत हवं."

"घरातल्या कुणाचंही?"

"हो."

तेस्काने डावा हात माझ्या उंबऱ्यावर ठेवला आणि दगडी कुऱ्हाड उचलली. काय होतंय ते कुणाला कळायच्या आत तिची करंगळी तुटून पडली होती. मला ओरडता येत नव्हतं. द्रून दारातून बाजूला झाला.

तिने हाताला लोकर गुंडाळली आणि करंगळी आजीला दिली. "नीट ठेवा. पोरींना पुढे लागेल." मग एका हाताने तिने सगळं वावर पेरलं.

आता ससे मला पोखरतात, लोक माझे दगड कुंपणाला नेतात. त्याचं दुःख आहेच. पण ती रीत माझ्या जिवावर चालली होती, याची लाज त्याहून मोठी आहे. मित्रांनो, माझे दगड जरूर सांभाळा. फक्त माझ्यासाठी कुणाचं बोट मागू नका.