तारामाशाने गिळलेला शंख

माझे सासरे चष्मा आणायला आत गेले आणि तेवढ्यात माझ्या तारामाशाने त्यांचा शंख गिळला.

शंख बोराच्या बीएवढा, तांबूस पट्ट्यांचा. मामंजींच्या कपाटात शेकडो शंख आहेत, पण या जातीचे नुसते तुकडे. आयुष्यभर शोधलेला अख्खा शंख त्यांनीच आणलेल्या वाळूतून निघाला, तोही वाळू माझ्या काचेच्या टाकीत ओतून झाल्यावर.

माझा तारामासा खडकाला चिकटणारा नव्हे. त्याच्या हातांखालचे बारीक पाय टोकदार. त्यांनी वाळू उपसत तो बसल्या जागी खाली उतरतो. भक्ष्य सापडलं की चावणं-बिवणं नाही, सबंध गिळून मोकळा.

मामंजींनी ब्लेड मागितलं. तारामासा कापला तरी पुन्हा वाढतो, असं त्यांचं म्हणणं. मी हळूच सांगितलं, हात तुटला तर वाढतो, पोट फाडलं तर जातो. नणंद दारातूनच म्हणाली, "वहिनी, तुझा उपास आणि याची मेजवानी. बरी जोडी जमली."

मामंजींची भीती खोटी नव्हती. पोटातल्या रसाने शंखाची झळाळी उतरते.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणाले. "याला मागचं दारच नाही. गिळलेलं तोंडानेच परत करावं लागतं."

"आणि पार विटका परत केला तर?"

"तर उद्या याला समुद्रात सोडीन. घरात पुन्हा टाकी मांडणार नाही."

ते खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. जेवलेही तिथेच. मी शेजारी जप करत बसले. मला काळजी नव्हती. ज्याचा स्वभाव ठाऊक आहे त्याची वाट पाहणं सोपं असतं.

दिवेलागणीला वाळू हलली. तारामासा वर आला, पाचही हातांवर कमान करून उभा राहिला आणि पुढे सरकला. मागे शंख पडला होता, झळाळी शाबूत.

मामंजींनी चिमटा पाण्यात घातला आणि तसाच धरून ठेवला. शंखाच्या तोंडावरची झाकणी उघडत होती. आतून मऊ पांढरा पाय आला, दोन शिंगं आली. दिवसभर दार घट्ट लावून बसलेला जीव चालू लागला.

कपाटात ठेवायचा तर आधी उकळून तो जीव काढावा लागतो. ते मामंजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. बराच वेळ ते नाक काचेला लावून बघत राहिले.

"हा असा चालतो होय," ते म्हणाले. मग चिमटा बाजूला ठेवून त्यांनी नणंदेला काचेचा वाडगा आणायला सांगितलं. "आणि लवकर आण. तो राक्षस परत वळतोय."