सूनबाईंचं आकाश

निवृत्तीनंतर भूगोलाच्या सरांना मुलाने ड्रोन भेट दिला आणि घरातली शांतता गेली. ड्रोनच्या आवाजाने नव्हे. तो अजून खोक्याबाहेरही आला नव्हता. सरांची सून विमानतळाच्या टॉवरमध्ये अधिकारी होती. विमानांनी कधी उतरायचं, कधी उडायचं, हे ती सांगायची. आणि घराची गच्ची नेमकी विमानं उतरायच्या वाटेखाली होती.

"गच्चीवरून नाही," ती म्हणाली.

"फक्त पाण्याच्या टाकीच्या उंचीपर्यंत."

"बाबा, तेवढ्या उंचीवरून काय दिसणार? टाकीच."

सरांना ड्रोन नुसत्या हौसेसाठी उडवायचा नव्हता. रोज संध्याकाळी बंदराच्या कठड्यावर त्यांचा आणि फेरीबोटीच्या निवृत्त कॅप्टनचा एकच वाद चाले. खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा उत्तरेकडे सरकलाय, असं सरांचं म्हणणं. तो जागचा हललेला नाही, असं कॅप्टनचं. "मी त्याला वळसा घालून बोट नेलीय, तुम्ही फळ्यावर खडूने काढलाय," असं कॅप्टन म्हणाला की सर दोन दिवस घुश्शात. वरून एक फोटो मिळाला की त्याची बोलती बंद, असा त्यांचा बेत होता.

मग सर पुन्हा विद्यार्थी झाले. ड्रोन चालवण्याची परीक्षा दिली, ड्रोनची नोंदणी केली आणि दांड्यासमोरच्या किनाऱ्यासाठी विमानतळाकडे अर्ज केला. अर्ज सुनेच्या टेबलावर जाईल आणि चहा संपायच्या आत मंजूर होईल, अशी त्यांची समजूत. सुनेने घरचा अर्ज म्हणून तो वरिष्ठांकडे सरकवला. वरिष्ठांनी, नकाशा नीट काढलेला नाही म्हणून, परत पाठवला.

"भूगोलाच्या मास्तरांचा नकाशा परत," सरांच्या पत्नी, म्हणजे सुनेच्या सासूबाई, म्हणाल्या, आणि पुढे आठवडाभर येईल त्याला सांगत राहिल्या.

शेवटी परवानगी आली. किनाऱ्याचा ठरलेला तुकडा, ठरलेला एक तास, साठ मीटरपेक्षा वर नाही, ड्रोन सतत नजरेसमोर, फोन हाताशी आणि टॉवरने सांगितलं की लगेच खाली. सर निघणार, तेवढ्यात सुनेने रिमोट मागून घेतला.

"संपर्क तुटला तर हा आपोआप शंभर मीटरवर चढून परत येणार, असं यात ठरवलेलं आहे. म्हणजे अडचणीत आला की पहिला नियम मोडणार." तिने ती उंची कमी केली. "अगदी तुमच्यावर गेलाय."

किनाऱ्यावर सासूबाईंकडे फोन, कॅप्टनकडे ड्रोनवर नजर ठेवायचं काम आणि सरांकडे रिमोट, अशी वाटणी झाली. ड्रोन भुणभुणत वर गेला. पडद्यावर पाणी आलं, फेसाची पांढरी रेघ आली आणि दांड्याचं टोक दिसू लागलं. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"ड्रोन चालक, टॉवरमधून बोलतेय. ताबडतोब खाली उतरवा."

"अगं, टोक दिसायला लागलंय. एकच मिनिट."

"ड्रोन चालक, रुग्णाला घेऊन हेलिकॉप्टर किनाऱ्याने येतंय. उतरवा आणि उतरल्याचं कळवा."

हा आवाज सरांनी घरात कधी ऐकला नव्हता. भरल्या वर्गासमोर असा आवाज ते स्वतः लावत, त्यामुळे त्यापुढे काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. वारा ड्रोनला पाण्याकडे ढकलत होता. घाई केली असती तर तो समुद्रात गेला असता. सरांनी दात आवळून त्याला वाऱ्याच्या विरुद्ध वळवलं, हळूहळू खाली आणलं आणि ओल्या वाळूवर टेकवलं.

"उतरला, मॅडम," ते म्हणाले. आपण सुनेला मॅडम म्हटलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कॅप्टनच्या आलं.

थोड्याच वेळात हेलिकॉप्टर इतकं खालून गेलं की कॅप्टनची टोपी उडाली आणि कोणी ती आणायलाही धावलं नाही. सर ड्रोनशेजारी वाळूत बसले. आपला ड्रोन अजून वर असता तर, हा विचार सगळ्यांच्याच मनात आला. सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परवानगीची वेळही तेवढ्यात संपली आणि फोटो राहिलाच.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा कॅप्टनही चहाला होता. रुग्ण म्हणजे एक खलाशी होता. तो वेळेत पोहोचला, ऑपरेशन नीट झालं, असं तिने सांगितलं. मग शांतपणे सरांना म्हणाली, "छान उतरवलात, बाबा. मी दुर्बिणीतून बघत होते." सरांचे कान लाल झाले.

"पण तिथे बघायचं तरी काय होतं?" तिने विचारलं.

कॅप्टनने सगळा वाद सांगितला.

"तो वाळूचा दांडा? टॉवरच्या खिडकीतून रोज दिसतो मला. सरकलाय की. दक्षिणेकडे."

दोघांच्याही कपातला चहा तसाच राहिला.

"मग सांगायचं नाहीस का?" सर म्हणाले.

"विचारलंत कुठे? तुम्ही फक्त गच्ची मागितलीत."

कॅप्टनने घसा खाकरला. "टॉवर फार लांब आहे."

"शिवाय मध्ये काच," सर म्हणाले. "भास होतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. सुनेने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती, ती झोपायला गेली. हे दोघे मात्र पुढच्या परवानगीसाठी भरतीची वेळ मागायची की ओहोटीची, यावर भांडत बसले.