आभाळातली माझी सवत

मी एक पांढरी मोटार बोलतेय. पांढरी म्हणजे एके काळची. आता टपावर कावळ्यांची कृपा आहे. आधीच सांगते, मी विमानावर जळते. उगाच नाही जळत.

शोरूममधून निघाले ती थेट एका दातांच्या डॉक्टरांच्या दारात आले. डॉक्टरांना बोलण्याची भारी हौस. समोरच्याचं तोंड कायम उघडं, त्यामुळे उत्तर ऐकायची सवयच नाही. म्हणून त्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी नियम घातला: स्टिअरिंग ज्याच्या हातात, तो बोलेल; दुसऱ्याने ऐकायचं. अर्ध्या वाटेत चहाला थांबलं की जागा बदलायची.

पुढे लेक दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. रस्त्याने नऊ तास. डॉक्टर तिला सोडायला निघाले की पहिल्या टोलनाक्यालाच वाद पेटायचा, पण माझ्यात बसलेलं एकही भांडण मुक्कामाला उतरलं नाही.

मग ही सवत आली. म्हणे तासात पोहोचवते! दोन तास आधी जाऊन रांगेत उभं राहायचं, कमरेचा पट्टा काढून दाखवायचा, ते कुणी धरतच नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आणि माझ्या नशिबी काय, तर तिच्या दारापर्यंत माणसं पोहोचवणं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

डॉक्टरांची बायको वारली. लेक म्हणे, बाबांनी माझ्याकडे राहायला यावं. डॉक्टर ऐकेनात. ती शनिवारी उडत यायची, रविवारी उडत जायची आणि भांडण अर्धंच राहायचं. हळूहळू फोनही कमी झाले.

गेल्या खेपेला विमानतळाच्या वाटेवर डॉक्टरच बोलत होते. "मी इथंच बरा. मला काय धाड भरलीय?" दाराशी थांबलो तशी ती उतरली, पण बॅग काढेना. वळसा घालून डॉक्टरांच्या बाजूला आली.

"बाबा, सरका. माझी पाळी राहिलीय."

"अगं, विमान जाईल!"

"जाऊ दे. सरका म्हणते ना."

माझ्या इंजिनात असं काही भरून आलं म्हणून सांगू! शहराबाहेर पडताना सवत डोक्यावरून गेली. गेली तर गेली, लेक माझ्याकडे होती.

"दोनदा गॅस चालू ठेवून झोपलात," लेक म्हणाली. "मला ते शेजारच्या काकूंकडून कळतं. तुमचा फोन लागला नाही की माझे हातपाय गळतात, बाबा." डॉक्टर काचेबाहेर बघत राहिले.

चहा झाला. आता पाळी डॉक्टरांची. त्यांनी चावी हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि तिच्याकडे दिली.

"तूच चालव. तुझं अजून संपलं नाही."

आता मी लेकीच्या इमारतीखाली उभी असते. डॉक्टर वर तिच्या घरी राहतात. रोज सकाळी सवत माझ्या डोक्यावरून मिरवत जाते आणि मी अजूनही जळते. खोटं कशाला बोलू?

पण तुमचं कुणाशी बोलायचं राहिलं असेल, तर कृपा करून तिकीट काढू नका. मला घेऊन जा. बॅटरी उतरलीय, थोडा धक्का मात्र द्यावा लागेल.