प्रार्थनेचा गोल

अकोटला माणिकबाईंच्या घरी दर बुधवारी मंडळी प्रार्थनेला जमत. सतरंजीवर गोल करून बसायचं, डोळे मिटायचे आणि पाळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची, अशी तिथली रीत. त्या बुधवारी देवमनभाऊंसोबत त्यांचा योगेश आला होता. तीन महिन्यांनी. पोरगा अमरावतीला कामाला आहे, असं देवमनभाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खरं तर तो तिथे दारू सोडवण्याच्या केंद्रात होता. हे ठाऊक होतं ते फक्त पुंजाजीला, त्यांच्या तीस वर्षांच्या दोस्ताला.

"लय वाळला रे बाबू," माणिकबाई म्हणाल्या. "तिथं पोळ्या नव्हत्या भेटत का?"

योगेश हसला. देवमनभाऊंना हायसं वाटलं.

पुंजाजीची पाळी आली. "हे बापा," त्याने आवाजात कढ आणला, "देवमनभाऊच्या पोराले तू दारूतून सोडवलं. त्या केंद्रात त्याले बांधून ठेवा लागलं, पोरगं वरडून वरडून थकलं. आता त्याले पुन्हा गुत्त्याकडं जाऊ देऊ नको, प्रभू."

"आमेन," मंडळी म्हणाली.

देवमनभाऊंचे कान तापले. बांधून ठेवल्याचंही त्यांनीच सांगितलं होतं, बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये, रडत रडत. आता पाळी त्यांची होती. पुंजाजीची सून दोन महिन्यांपासून माहेरी बसली होती. का, ते देवमनभाऊंशिवाय कोणाला माहीत नव्हतं. हे बापा, पुंजाजीच्या सुनेला घरी आण, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुरे होतं. वाक्य जिभेवर आलं. त्यांनी दात आवळले. मंडळी ताटकळली, कोणीतरी खोकललं.

"बापा," ते शेवटी म्हणाले, "पोरानं सांगतलं होतं, कोणाजवळ बोलू नका. मी बोललो."

आमेन कोणी म्हटलं नाही.

सभा उठल्यावर दारात चप्पल शोधता शोधता पुंजाजी म्हणाला, "भाऊ, मी त देवालेच सांगून राहिलो होतो."

"देवाले माईत होतं, पुंजाजी."

योगेश गाडी सुरू करून उभा होता. दोघं घरी आले. फाटक उघडताना देवमनभाऊंनी विचारलं, "पुढच्या बुधवारी येशील ना?"

"येईन का नाई," गाडी आत घेत तो म्हणाला, "ते आता तुमाले नाई सांगत मी."