आता खोली सांगू नकोस

फ्रिज एकदा खडखडला आणि घुमायला लागला. गेलेला करंट परत आला. तो गेल्याबरोबर मी झोपेतून उठून बसले होते. लोकांना आवाजानं जाग येते, मला आवाज थांबला की येते. जहाजावर राहिलेल्या माणसाची ही खोड जात नाही. तिथं पायाखाली रात्रंदिवस इंजिन धडधडत असतं. ते गप्प झालं म्हणजे काहीतरी बिघडलं.

शेजारी अनू पालथी झोपली होती, गालावर चटईची नक्षी उमटवून. खिडकीतून काचीगुडा स्टेशनातल्या घोषणा येत होत्या, तेलुगूतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत, उन्हानं पातळ झालेल्या. मी परत आडवी झाले. फ्रिजच्या त्या घुमण्यावर डोळे मिटले की पलंग हलका होतो, पडदा पोट फुगवतो आणि माझं जुनं जहाज बरकतपुऱ्याकडून येतं. गंजकं, तांबूस, आमच्या बिल्डिंगीहून उंच. रिक्षा, भज्यांचा गाडा, शाळेची बस हळूच बाजूला होतात. कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही. जहाज येतच राहतं, आणि मी वर उभी राहून पाण्याची खोली वाचत असते.

खरोखर ते आलं होतं गुजरातच्या किनाऱ्यावर, जहाजं तोडतात तिथं. मी त्याच्यावर थर्ड ऑफिसर होते. तेल वाहून म्हातारं झालेलं जहाज मालकानं भंगारात काढलं होतं. अमावास्येच्या भरतीला ते पूर्ण वेगानं वाळूवर घालायचं होतं. मला शिकवलं होतं एकच, पाण्याची खोली कमी व्हायला लागली की मोठ्यानं सांगायची. मी सांगत राहिले. सात मीटर. सहा. साडेपाच. कॅप्टनसाहेब समोर बघत म्हणाले, "बस, बेटा. आता खोली सांगू नकोस." तरी माझ्या तोंडून पाच गेलंच. मग खालून एक लांब, मऊ घसटणं आलं, आणि इंजिन बंद झालं.

त्यानंतर मी हैदराबादला आले. लग्न झालं, अनू झाली. परत समुद्रावर का जात नाहीस, असं कुणी विचारलं तर सांगायची, आपल्याकडं जहाजंच कुठं उरलीत? देशाचा बहुतेक माल परक्यांच्या जहाजांतून जातो, आपली पोरंही त्यांच्याच जहाजांवर जातात. हे खरंच होतं, आणि माझ्या सोयीचंही होतं.

आज सकाळी मुंबईहून एका जहाज कंपनीतल्या पल्लवीचा फोन आला.

"गीता मॅडम, एक टँकर घेतलाय. जुनाच आहे, पण आता आपल्या झेंड्याखाली. मागचं परकं नाव खरवडून आपलं लिहिलंय. विशाखापट्टणमला चढायचं, सहा महिने. संध्याकाळपर्यंत सांगाल?"

"मधेच कंपनीनं हाही विकला तर?"

"सांगता येत नाही, मॅडम. नवी बांधणार म्हणतात. बांधतील तेव्हा बांधतील. आत्ता हे आहे."

माझ्या जहाजावरच्या ऑफिसरच्या परवान्याची मुदत एकदा क्लास करून वाढवली होती. आता समुद्रावर गेल्याशिवाय वाढणार नव्हती. आज नाही म्हटलं की ते सगळं संपलं. विकी, माझा नवरा, ड्युटीला निघताना बूट घालत म्हणाला, "माझ्यानं नको म्हणवत नाही, अन् जा पण म्हणवत नाही. तू बोल." आणि गेला मेट्रोचे सिग्नल सांभाळायला.

मी उठून बाहेरच्या खोलीत आले. माझ्या सासूबाई भागूबाई चिंचेतले चिंचोके काढत बसल्या होत्या. मी त्यांना मामीच म्हणते. मी सगळं सांगितलं.

"सहा महिने पाण्यावर?" मामी म्हणाल्या. "आमच्या हुसेनसागरात तर बोट पाव घंट्यात फिरून येती."

"मामी, मी मस्करी नाही करत."

"म्या कुठं करायली." त्यांनी बोटं पदराला पुसली. "विकी तीन वर्षांचा होता तवा त्याला नांदेडला बहिणीकडं ठेवून म्या इथं दवाखान्यात आया म्हणून लागले. दोन वर्षं. त्याच पैशानं तो शिकला. कधी मला बोलला न्हाई. पण बघ, चौदा एप्रिलच्या जयंतीला पहिला फोन कुणाला लावतो? मावशीला."

मामींनी पुढचा चिंचोका काढला.

"अनूला मी बघते. जेवण, शाळा, ताप, सगळं. पण तू परत आलीस की काही दिवस ती मलाच हाक मारील. तवा माझ्यावर रुसायचं न्हाई अन् तिच्यावर तर बिलकुल न्हाई. कबूल असंल तर जा."

"आणि नाही गेले तर?"

"तर चिंच साफ कर. मला काय, दोन हात वाढले."

मला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. मामींनी परात माझ्याकडं सरकवली. मी दोन चिंचोके काढले, तिसरा काढता काढता थांबले. चिंचेच्या त्या काळ्या गोळ्यावर बोटं तशीच चिकटलेली. पायाखालची फरशी गार होती आणि अजिबात हलत नव्हती. मला ती हलायला हवी होती. इतकी वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

हात धुऊन मी पल्लवीला फोन लावला.

"येते," म्हटलं.

"नक्की ना, मॅडम?"

"हौ, नक्की," मी म्हटलं. घाईत माझं हैदराबादी तोंड उघडं पडतं.

फोन ठेवून वळले तर अनू दारात उभी. केस एका बाजूनं उभे, डोळे अर्धे झोपेत. तिनं सगळं ऐकलं होतं. जवळ आली, मांडीत चढली नाही, समोरच उभी राहिली. मग तोंड उघडून जिभेनं खालचा एक इवलासा दात पुढं ढकलून दाखवला. तो डुगडुगला. तिचा हलायला लागलेला पहिला.

"आई," ती म्हणाली, "हा तू असताना पडेल का तू गेल्यावर?"