घासलेली नळी

मुंजाजी हवालदाराने काडतूस उलटं धरलं आणि गोळीचं टोक रायफलीच्या नळीच्या तोंडात सोडलं. चांगल्या नळीत ते मध्येच अडतं. या नळीने जवळजवळ अख्खी गोळी गिळली. तोंड पार घासलेलं होतं. मुंजाजीला हवी होती तशीच ही नळी होती.

परभणीच्या पोलीस मुख्यालयात नेमबाजी म्हटली की मुंजाजी, हे ठरूनच गेलं होतं. दरवर्षी तो जिल्ह्यांच्या स्पर्धेत ढाल जिंकून आणी, साहेब ढालीसोबत फोटो काढून घेत, आणि मुंजाजीने गावी, सोनपेठला मागितलेली बदली मागे पडे. ढाल आणणारा माणूस कोण सोडतो, असं हेडक्लार्क तोंडावर हसून सांगे. त्यात नामांतराच्या मोर्च्यांचे बंदोबस्त, म्हणजे रजेचंही नाव नको. तिकडे सोनपेठला आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिला उठवायला-बसवायला एकटी बायको, सारजाबाई. गेल्या खेपेला तिने भाकरी वाढता वाढता विचारलं होतं, "आत्याबाई आता मला एकटीला उचलंनात. कंबर मोडायलीय माझी. तुमी येणार हाव का न्हाई, येवढं सांगा."

म्हणून यंदा हरायचं, असं मुंजाजीने ठरवलं. रायफल कोणती घ्यायची हे साहेबांनी त्याच्यावरच सोपवलं होतं. एक होती नवी सात-बासष्ट, जाड नळीची. कितीही गोळ्या झाडा, नळी तापून निशाण सरकायचं नाही. दुसरी ही जुनी थ्री-नॉट-थ्री. तिची गोळी जड, लांब पल्ल्यावर वाऱ्याला दाद देत नाही, असं मुंजाजीने सांगितलं आणि साहेबांना ते पटलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. नळीच्या तोंडाचं तेवढं तो बोलला नाही.

खरं तर एवढा उपद्व्याप करायची गरजच नव्हती. नवी रायफल घेऊन दोन-चार गोळ्या मुद्दाम बाहेर घातल्या असत्या की काम झालं असतं. पण स्वतःच्या हाताने नेम चुकवायचा म्हणजे वाढलेलं ताट लाथाडल्यासारखं, असं या गृहस्थाला वाटे. नळीने चुकवला तर चालेल, हात साफ राहिला पाहिजे.

स्पर्धेत नळीने काम चोख बजावलं. गोळ्या निशाणभर विखुरल्या आणि ढाल दुसऱ्या जिल्ह्याकडे गेली. मुंजाजी मान खाली घालून उभा होता, पण मनाने सोनपेठच्या गाडीत बसलाही होता.

परत आल्यावर साहेबांनी रायफल तपासून घेतली. नळी घासलेली निघाली. साहेब भला माणूस. घाईत बघायचं राहून गेलं असेल, हाताचा काही दोष नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग सगळ्यांसमोर नवी रायफल त्याच्या हातात दिली.

"एकच गोळी मारा, मुंजाजी. लोक म्हणतात तुमचा डोळा गेला. तसं असेल तर उद्याच सोनपेठला सोडतो तुम्हाला."

मुंजाजी जमिनीवर पालथा झोपला. केसभर डावीकडे, की सुटका. आईला एका बाजूने आपण धरलंय, दुसऱ्या बाजूने सारजाबाईने, असं त्याला दिसलं. त्याने नळी डावीकडे सरकवलीसुद्धा. मग श्वास अर्धा सोडून रोखला, आणि हात आपसूक परत मध्यावर आला. गोळी काळ्या ठिपक्याच्या मधोमध बसली.

टाळ्या पडल्या. साहेबांनी पाठ थोपटली, पुढच्या वर्षी याच रायफलीने ढाल परत आणायची म्हणाले. मुंजाजीला स्वतःची किळस आली, कारण त्या टाळ्या त्याला गोड लागल्या होत्या.

संध्याकाळी तो बसस्टँडवर गेला. सोनपेठ गाडीचा कंडक्टर पंडित त्याच्याच गल्लीतला.

"घरी निरोप दे," मुंजाजी म्हणाला. "आईला उचलायला शेजारच्या कडूबाईला बोलवत जा म्हणावं. माझं यंदा बी जमत न्हाई."

"कामून? साहेब सोडंनात का?"

"साहेब तर सोडायला तयार व्हते," मुंजाजी म्हणाला.