महाराजांच्या हाताखालचं छपाईयंत्र

"चपला घालून आत येतात, मग यंत्र रुसणार नाही तर काय," पुस्तकं बांधणाऱ्या मावशी माझ्या कानाशी पुटपुटल्या.

आमच्या ब्रेल छापखान्यात रोज सकाळी अशीच गर्दी. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ, सगळ्यांचे 'महाराज', पडद्यावर उपरणं टाकून खाली हात घालायचे. "लहरी जुळतायत. शिंकू नका कोणी." मग छपाईयंत्र खडखडायचं. आम्ही चालू केलं की मुकं.

माझी नणंद आंधळी. उमटलेले ठिपके बोटांनी तपासणं हे तिचं काम. ती हसली. "वहिनी, लहरी जुळताना कीबोर्डवरची बाणाची कळ वाजते गं."

दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन ती कळ दाबली. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडला गेला आणि यंत्र खडखडलं. एवढ्याच लहरी.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटर आणि यंत्रं यांच्यात बोलणी करणारा गाभा. मूळ कर्नल साऱ्या जगासाठी; आमच्या जुनाट यंत्राची खोड सांभाळणारी दुरुस्ती त्यात घेतली नव्हती. ज्यांनी बेतलेली लिनक्स ही कॉम्प्युटर-प्रणाली आम्ही वापरतो, त्या मंडळींनी आपल्या माणसांचं अडू नये म्हणून ती स्वतः जोडली होती, दर नव्या कर्नलला पुन्हा बेतून. नव्यात ती नव्हती. काढण्याआधी त्यांनी पडद्यावर कितीदा तरी विचारलं होतं, "हे यंत्र अजून कोणी वापरतं का?"

आम्ही वापरतो, हे मी त्यांना आता कळवलं. उत्तर सभ्य होतं: बेतणारा माणूस सोडून गेला, चाचणीचं यंत्र भंगारात गेलं. आणि जुन्याच कर्नलवर राहिलो, तर तो असुरक्षित म्हणून पाठ्यपुस्तकं पाठवणारं सरकारी खातं आम्हाला जोडणी देणार नव्हतं.

मी सगळ्यांना सांगितलं.

"अविश्वास शिरला, लहरी गेल्या," महाराज उपरणं झटकत म्हणाले.

"घालवलंस ना त्यांना," मावशी माझ्यावरच उखडल्या.

"महाराज, काहीतरी तोडगा..." छापखान्याचे साहेब हात जोडून उभे.

"साहेब, हात जोडण्याआधी हे चालतं कसं, चालवतं कोण, एवढं तरी विचारूया," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी मुलांच्या बोटांखाली पुस्तक नसेल."

शेवटी नणंदच बोलली, आवाज न चढवता.

"तो प्रश्न पडद्यावर यायचा, महाराज म्हणायचे बाधा आहे, मिटवा. आणि तुम्ही मिटवायचात. मला दिसत नाही. तुम्ही सगळ्यांनी तो वाचला होता."